हालेइवा ते काहुकू : लाटांच्या किनाऱ्यावरचा मुक्काम आणि जेवण

हवाई बेटांपैकी ओआहू बेटाचा उत्तर किनारा, म्हणजे 'नॉर्थ शोर', पश्चिमेकडच्या काएना टोकापासून काहुकूपर्यंत पसरलेला आहे. त्यातल्या हालेइवा ते सनसेट बीच या सुमारे ११ किलोमीटरच्या पट्ट्याला सर्फर 'सात मैलांचा चमत्कार' म्हणतात. हिवाळ्यात उत्तर पॅसिफिकमधल्या वादळांनी उठलेल्या लाटा मोकळ्या समुद्रातून हजारो किलोमीटर येतात. वाटेत त्यांचा जोर मोडणारा रुंद उथळ तळ नसतो, त्यामुळे किनाऱ्यालगतच्या खडकावर त्या पूर्ण ताकदीने उभ्या राहतात. उन्हाळ्यात हेच पाणी बहुतेक शांत असते. मुक्कामाची खरी मागणीही म्हणूनच नोव्हेंबर ते फेब्रुवारी या चार महिन्यांची. गंमत अशी, की या किनाऱ्यावरचे पहिले नामांकित हॉटेल बांधले गेले तेव्हा या लाटांचा विचार कोणाच्या मनातही नव्हता.

त्याआधीचा किनारा शेतीचा आणि मासेमारीचा होता. वाइआलुआ आणि वाइमेआच्या खोऱ्यांत पाणथळ खाचरांतून अळू लावत. त्याचे कंद शिजवून, कुटून केलेली 'पोई' हे हवाईकरांचे मुख्य अन्न. हालेइवाजवळ लोको एआ हे जुने मत्स्यतळे आहे. तिथे मासे वाढवून गरजेप्रमाणे काढत. सर्फिंगही तेव्हा होते, पण तो गावकऱ्यांचा आणि सरदारांचा आपला खेळ होता, त्यासाठी बाहेरून कोणी राहायला येत नसे. १८३२ मध्ये मिशनरी जॉन आणि उर्सुला इमर्सन वाइआलुआला आले आणि तिथे चर्च उभे राहिले. पुढे राणी लिलिउओकलानी उन्हाळ्यात अनाहुलू नदीकाठच्या घरी राहायला येई. तिने चर्चला दिलेल्या घड्याळावर आकड्यांच्या जागी तिच्या नावाची बारा रोमन अक्षरे आहेत. लांबून पाहुणे येण्याचे ठिकाण ही या किनाऱ्याची ओळख सुरू झाली ती अशी, राजघराण्यापासून.

सामान्य प्रवाशांना इथे आणले ते साखरेने. बेंजामिन डिलिंगहॅम या उद्योजकाने होनोलुलूहून निघणारी ओआहू रेल्वे बांधली ती मुख्यतः उसासाठी. रूळ पश्चिम किनाऱ्याने, काएना टोकाला वळसा घालून १८९८ मध्ये वाइआलुआला पोहोचले आणि पुढे काहुकूच्या मळ्यापर्यंत गेले. ऊस हंगामात भरपूर. पण प्रवासी डबे भरायचे तर लोकांना तिकडे जाण्याचे काही कारण हवे. ते कारण म्हणून डिलिंगहॅमने अनाहुलू नदीच्या मुखाशी १८९९ मध्ये 'हालेइवा हॉटेल' उघडले. वाइकिकीचे प्रसिद्ध 'मोआना' हॉटेल उघडायला अजून दोन वर्षे होती. लाकडी बांधणीच्या, रुंद व्हरांड्यांच्या या व्हिक्टोरियन इमारतीत होनोलुलूचे सधन लोक शनिवार-रविवारी येत, काचेच्या तळाच्या होडीतून समुद्रतळ पाहत, टेनिस खेळत आणि सोमवारी कामावर परतत. आज गावाचे जे नाव आहे ते या हॉटेलमुळेच रूढ झाले.

या हॉटेलला मोटारीने मारले. बेटाच्या मध्यातून वाहिआवामार्गे चांगला रस्ता झाला, तसे होनोलुलूहून सकाळी निघून संध्याकाळी परतणे सोपे झाले; मग रात्रीच्या खोलीचे पैसे कोण मोजणार? १९२१ मध्ये अनाहुलूवर बांधलेला दुहेरी कमानीचा पूल आजही गावाची खूण म्हणून फोटोत येतो, पण हॉटेलच्या दृष्टीने असे रस्ते आणि पूल तोट्याचेच ठरले. १९२७ मध्ये वाइकिकीला 'रॉयल हवाईयन' उघडल्यावर ऐषआरामाचे गिऱ्हाईकही दक्षिणेला राहिले. १९४३ मध्ये हॉटेल बंद झाले, युद्धकाळात इमारत लष्करी अधिकाऱ्यांच्या वापरात गेली आणि पुढच्या दशकात ती पाडली गेली. १ एप्रिल १९४६ च्या त्सुनामीने रुळांचे मोठे नुकसान केले होते. १९४७ च्या अखेरीस रेल्वेही थांबली.

हॉटेलच्या मेजवान्या विस्मरणात गेल्या. टिकले ते मळ्यातल्या मजुरांचे जेवण. चिनी, पोर्तुगीज, १८८५ पासून करारावर आलेले जपानी, नंतर प्वेर्तो रिकन, कोरियन, फिलिपिनो अशा मजुरांच्या वस्त्या मळ्यांत वेगवेगळ्या असत, पण दुपारी शेताच्या बांधावर डबे एकत्र उघडत. डबा दोन कप्प्यांचा, खाली भात आणि वर कालवण किंवा मासा. त्याला 'काऊ काऊ टिन' म्हणत. एकमेकांच्या डब्यांतले घास खाता खाता हवाईचे मिश्र जेवण तयार झाले. आजचा 'प्लेट लंच', म्हणजे भाताचे दोन गोळे, मॅकरोनीचे सॅलड आणि एक मांसाचा किंवा माशाचा पदार्थ, हा त्या डब्याचा थेट वंशज. पर्यटक त्याला बेटाची खासियत मानतात ते बरोबरच आहे, फक्त तो पर्यटकांसाठी जन्मलेला नाही. घाम गाळून आलेल्या माणसाचे पोट भरावे एवढाच त्याचा उद्देश होता, आणि तासन्‌तास पाण्यात झुंजून बाहेर आलेल्या सर्फरला तो म्हणूनच मानवला.

'शेव्ह आइस'ची गोष्टही अशीच. जपानी मजुरांनी आणलेल्या या थंडाव्याचे हवाईत दुकानी रूप झाले. आपल्याकडच्या बर्फाच्या गोळ्याशी त्याचे नाते लगेच जाणवते, पण बर्फ इथे ठेचलेला नसतो. फिरत्या पात्याने तो इतका बारीक तासतात की सरबत त्यात मुरते, खाली निथळत नाही. तळाशी गोड शिजवलेले लाल अझुकी दाणे किंवा आइस्क्रीम घालतात. हालेइवातले 'मात्सुमोतो' हे दुकान १९५१ मध्ये किराणा माल विकण्यासाठी सुरू झाले. शेव्ह आइस हा त्याचा नंतरचा जोडधंदा. आज रांग लागते ती जोडधंद्यासाठी.

सर्फर आले ते रेल्वे बंद पडल्यानंतर. डिसेंबर १९४३ मध्ये वाइमेआच्या उपसागरात डिकी क्रॉस हा तरुण बुडाला होता आणि तेव्हापासून त्या जागेची दहशत होती. १९५३ मध्ये पश्चिम किनाऱ्यावरच्या मकाहा इथल्या मोठ्या लाटेवर तिघे सर्फर दाखवणारे छायाचित्र अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांत छापले गेले आणि कॅलिफोर्नियातले तरुण हवाईकडे धावले. मकाहात ते लष्कराने टाकून दिलेल्या अर्धगोल पत्र्याच्या झोपड्यांत राहिले. मग उत्तरेकडे सरकून सनसेट बीचजवळ लाकडी घरे भाड्याने घेऊन दाटीवाटीने राहू लागले. जेवण म्हणजे भात, पीनट बटर आणि भाल्याने मारलेले मासे. ७ नोव्हेंबर १९५७ रोजी ग्रेग नॉल आणि सोबत्यांनी वाइमेआची लाट घेतली, १९६१ मध्ये 'पाइपलाइन' नावाच्या जागी फिल एडवर्ड्स या सर्फरने घेतलेली लाट ब्रूस ब्राउनने चित्रित केली, १९६५ मध्ये सनसेटला ड्यूक काहानामोकूंच्या नावाची स्पर्धा सुरू झाली. किनारा जगभर गाजला, पण तिथे राहण्याची सोय मात्र भाड्याच्या खोलीपुरतीच उरली. पुढे सर्फिंगचे कपडे आणि सामान विकणाऱ्या कंपन्यांनी पाइपलाइनसमोरची घरे घेऊन आपले खेळाडू तिथे ठेवायला सुरुवात केली. दाटीवाटीच्या भाड्याच्या घराचीच ही श्रीमंत आवृत्ती. नवख्याने कुठे झोपायचे आणि भांडी कोणी घासायची याची उतरंड तिथेही पाळली जाते.

मोठे हॉटेल आले ते लाटांच्या पट्ट्याबाहेर, काहुकूजवळ. १९७२ मध्ये उघडलेले 'कुइलिमा' पुढे 'टर्टल बे' झाले. त्याच्या आवारात आणखी हॉटेले बांधण्याच्या बेताला स्थानिकांनी 'गाव गावच राहू द्या' अशा अर्थाच्या घोषणेने विरोध केला. २०१० मध्ये हवाईच्या सर्वोच्च न्यायालयाने पूरक पर्यावरण अहवाल नव्याने करायला लावला आणि २०१५ मध्ये तिथल्या मोठ्या जमिनीवर बांधकाम न करण्याचा करार झाला.

खाण्याच्या बाबतीत मात्र सत्तर ते नव्वदच्या दशकांची वर्षे भरभराटीची. १९७५ मध्ये हालेइवात 'कुआ आइना' ही बर्गरची खानावळ निघाली. तिच्या शाखा जपानपर्यंत गेल्या. १९८७ मध्ये सनसेट बीचजवळ 'टेड्स बेकरी' सुरू झाली. नारळाच्या दुधाच्या घट्ट खिरीसारखी 'हाउपिआ' आणि चॉकलेट यांचे थर असलेला तिचा पाय बेटभर खपतो. काहुकूचा साखर कारखाना १९७१ मध्ये बंद झाल्यावर त्या भागात कोळंबीची तळी झाली, आणि तळ्यांपाठोपाठ रस्त्याकडेच्या गाड्या. १९९३ मध्ये 'जोव्हानीज' या गाडीने लसूण आणि लोण्यातली कोळंबी भातासोबत विकायला घेतली. गिऱ्हाइकांच्या सह्यांनी तिचा पत्रा भरून गेला. सगळ्याच गाड्यांवरची कोळंबी आता स्थानिक तळ्यांतली नसते, ही गोष्ट फलकांवर ठळक लिहिलेली आढळत नाही. १९९६ मध्ये वाइआलुआचा कारखानाही थांबला आणि ओआहूवरची ऊसशेती संपली.

घरांचे भाडे हा आजचा वादाचा विषय आहे. होनोलुलू प्रशासनाने १९८९ पासून पर्यटकांना घर भाड्याने देण्याचे नवे परवाने थांबवले, तरी इंटरनेटमुळे बेकायदा भाडेकरार वाढत गेले. २०१९ मध्ये नियम कडक झाले. समुद्रही जमीन खातो आहे : २०२२ मध्ये पाइपलाइन आणि सनसेट यांच्या दरम्यानचे एक घर वाळू खचून किनाऱ्यावर कोसळले. टर्टल बे २०२४ मध्ये 'रिट्झ-कार्लटन'च्या नावाखाली गेले. ठरावीक रिसॉर्ट क्षेत्र आणि जुने परवाने असलेली मोजकी घरे सोडली, तर या किनाऱ्यावर ३० दिवसांपेक्षा कमी मुदतीने घर भाड्याने देता येत नाही. त्यामुळे बहुतेक प्रवासी इथे दुपारचे जेवून रात्री वाइकिकीला परततात.