बायॉलॉजी घेऊन पुढे काय?

मुलं कॉलेजचे अर्ज भरायला बसली की आपल्या घरांतून एक प्रश्न हमखास ऐकू येतो: "बायॉलॉजी? म्हणजे डॉक्टरच होणार ना?" उत्तर "नाही" असं आलं की आईबाबांचे चेहरे उतरतात. भारतातून आजीचा फोन येतो, "मग करणार तरी काय?"

या प्रश्नाचं एक उत्तर आपल्याच माणसांत सापडतं. डॉ. कमला सोहोनी.

कमलाबाई माहेरच्या भागवत, लेखिका दुर्गाबाईंच्या धाकट्या बहीण. वडील आणि काका दोघंही रसायनशास्त्रज्ञ. रसायन आणि भौतिकशास्त्र घेऊन मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. झाल्यावर १९३३ साली त्यांनी बंगलोरच्या टाटा इन्स्टिट्यूटकडे अर्ज केला. संचालक सर सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून तो नाकारला. कमलाबाई थेट बंगलोरला जाऊन थडकल्या. अखेर प्रवेश मिळाला, पण वर्षभर अजमावून पाहण्याच्या अटीवर. काम पसंत पडलं आणि पुढच्या मुलींसाठी दार उघडलं. तरीही तो अपमान त्या कधी विसरल्या नाहीत.

दूध आणि कडधान्यांतल्या प्रथिनांवर काम करता करता त्या जीवरसायनशास्त्रात शिरल्या. तिथून केंब्रिज. बटाट्यावर काम करताना वनस्पतींच्या पेशींत 'सायटोक्रोम सी' असल्याचं त्यांनी दाखवलं. श्वसनक्रियेला लागणारं हे प्रथिन. अवघ्या चाळीस पानांच्या प्रबंधावर १९३९ साली त्यांना पीएच.डी. मिळाली. विज्ञानात ती मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला मानल्या जातात.

पुढचा प्रवास आपल्या मुलांनी मुद्दाम वाचावा असा आहे. दिल्लीच्या लेडी हार्डिंग कॉलेजात अध्यापन, कुन्नूरच्या पोषण प्रयोगशाळेत संशोधन, मग मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये प्राध्यापकी आणि पुढे संचालकपद. तिथे त्यांनी विद्यार्थ्यांसह नीरेतली पोषकद्रव्यं तपासली. वाल आणि डबल बीमध्ये प्रथिनांचं पचन अडवणारे घटक असतात, हे अभ्यासलं. कच्चं कडधान्य बाधतं आणि नीट शिजवलेलं पचतं, यामागे एक कारण हेच. उष्णतेने हे घटक बऱ्याच अंशी निष्प्रभ होतात. आजी वाल भिजवून, मोड आणून, मऊ शिजवते त्यालाही शास्त्र आहे! निवृत्तीनंतरही त्या स्वस्थ बसल्या नाहीत. ग्राहक चळवळीत शिरून अन्नातली भेसळ कशी ओळखावी, हे त्यांनी गृहिणींना शिकवलं. १९९८ साली त्यांचं निधन झालं.

शिक्षण, संशोधन, पोषण, ग्राहकहित. एका विषयातून एवढ्या वाटा फुटल्या, आणि गळ्यात स्टेथोस्कोप एकदाही आला नाही. आज तर जनुकशास्त्र, औषधनिर्मिती, पर्यावरण, शेती अशा कितीतरी वाटांची भर पडली आहे.

कमलाबाईंना बाहेरच्यांनी अडवलं, पण घर पाठीशी होतं. आपल्या मुलांना बाहेर कुणी अडवत नाही. निदान आपण तरी अडवू नये. पुढच्या वेळी आजीचा फोन आला, तर तिला ही गोष्ट जरूर सांगा.