उभे कोणासमोर राहावे?

नेवाशाला १२९० साली ज्ञानेश्वरी सांगितली गेली. तिच्यातील गुरुस्तवन नगर जिल्ह्यात मराठी शिकवणाऱ्या आम्हांला रोजचे. तोराच्या विद्वानांना मान देण्याच्या ज्यू कर्तव्याकडे आम्ही याच नजरेने पाहिले आणि चुकलो.

मोशेच्या पाच ग्रंथांपैकी 'लेवीय'मध्ये पिकल्या केसांसमोर उठण्याची आज्ञा आहे. तिथल्या 'वृद्ध' शब्दाचा अर्थ तालमूदच्या पंडितांनी 'ज्याने ज्ञान मिळवले तो' असा लावला. तो चार हातांवर आला की उठावे. मात्र लोकांना उगीच उठायला लावील अशी वाट त्यानेही टाळावी. आणि गुरूने आपला मान सोडला तर तो सुटतो! कृपाप्रसादाचा येथे प्रश्नच नाही, मान विद्येचा.

मग ज्या समाजात असा विद्वानच नाही, त्याने काय करावे? कोकणातील बेने इस्रायल तेल गाळीत, शनिवारी घाणा बंद ठेवीत; म्हणून ते 'शनवार तेली'. शब्बाथ, सुंता आणि 'शेमा' ही प्रार्थना त्यांनी जपली. तोराची पोथी मात्र त्यांच्याजवळ उरली नव्हती. मान होता तो वंशपरंपरागत काजींचा. मुंबईत त्यांचे पहिले सिनेगॉग १७९६ साली उभे राहिले आणि पुढच्या शतकात कोचीनहून शिक्षक आले. त्यांतले शेलोमो सालेम शुर्राबी (मृत्यू १८५६) सिनेगॉगात प्रार्थना चालवीत, आणि पोटासाठी पुस्तकबांधणी करीत. धर्मविद्येवर चरितार्थ चालवू नये, हा मायमोनिडीझचा आग्रह होता. तो या बुकबाइंडरापाशी जिवंत दिसतो. पुढे जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी (१८३४–१९०५) हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या.

इतक्या कष्टाने ज्या विद्येला त्यांनी मान दिला, तिच्याच अधिकाऱ्यांनी इस्रायलमध्ये त्यांच्यावर शंका घेतली. १९६१ साली मुख्य रब्बीमंडळाने त्यांचे इतर ज्यूंशी होणारे विवाह मान्य केले. १९६२ च्या फेब्रुवारीत मात्र विवाहापूर्वी त्यांची वंशावळ मागच्या पिढ्यांपर्यंत तपासण्याचा आदेश निघाला. बेने इस्रायल जेरुसलेमात धरणे धरून बसले. हा कर्तव्यभंग होता काय? आम्हांला तसे वाटत नाही. उठण्याची आज्ञा पाळणाऱ्याला बसण्याचाही हक्क असतो, आणि मान विद्येचा असेल तर तो पदाला आपोआप मिळत नाही. १९६४ साली इस्रायली संसदेने ते सर्वार्थाने ज्यू असल्याचे म्हटले. त्यानंतर रब्बीमंडळाने आदेशातून 'बेने इस्रायल' हे नाव वगळले. ज्याच्या कुळाविषयी शंका असेल त्याची चौकशी करावी, हा सर्वसाधारण नियम मात्र ठेवला.