पेटीचे कान, पियानोचे सूर

मराठी कानाला पियानो परका वाटायचे कारण नाही. पेटीने त्याची वाट कधीच करून ठेवली आहे. १९११च्या ‘मानापमान’चे संगीतकार गोविंदराव टेंबे यांनी साथीच्या पेटीला स्वतंत्र वादनाचा मान मिळवून दिला. पट्ट्यांच्या वाद्यात मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड घसरणे, नाही, हा आक्षेप खराच. त्यापायी १९४०मध्ये रेडिओवर पेटीला बंदी झाली. पण तेवढ्यावरून पियानो नाकारणे अन्यायाचे आहे. पेटीवादकाचा एक हात भात्यात गुंततो, पियानोवादकाचे दोन्ही मोकळे असतात. या मोकळेपणाची ताकद बाखने पियानो रुळण्याआधीच, १७२२च्या संग्रहात दाखवली: एका हाताने मांडलेली सुरावट दुसरा मागून उचलतो आणि दोन्ही एकाच वेळी बोलतात. तेव्हा पियानोत मींड शोधू नका; डावा हात ऐका.