हलक्या कामातही लॅपटॉपचा पंखा घरघरतोय? आधी हे बघा
पेण/रोहा : सातबाऱ्याची प्रिंट काढतानाही लॅपटॉपचा पंखा घरघरत असेल, तर कंट्रोल, शिफ्ट, एस्केप ही बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात 'सीपीयू'वर क्लिक केलं की मशीनला राबवणारा प्रोग्राम सगळ्यात वर येतो. बहुतेकदा ब्राउझर, नाहीतर मागे चाललेलं विंडोज अपडेट. अपडेट पुरं होऊ द्या, नको ते टॅब बंद करा.

तिथे काही जड दिसत नसेल तर धूळ बघा. पेणमध्ये शेजारी गणपतीचा कारखाना असेल तर मूर्ती घासल्याची पांढरी भुकटी जाळीत बसणारच. लॅपटॉप बंद करून, चार्जर काढून मऊ ब्रशने जाळी झाडा. ब्लोअर मारताना पंखा काडीने अडवून धरा. हवेने भरधाव फिरला तर बेअरिंग जाऊ शकतं. टचपॅड वर उचललेला दिसला तर बॅटरी फुगलेली असू शकते. मग चार्जिंगला लावू नका, थेट दुरुस्तीवाल्याकडे न्या.