कल्याणच्या वादाचा वारसा

द्वंद्वात्मक विचार म्हटला की आपल्याकडे हेगेल आणि मार्क्सपासून सुरुवात होते, आणि पुष्कळदा शेवटही तिथेच होतो. लातूर जिल्ह्यातल्या शिरूर अनंतपाळच्या वाचकाला त्यासाठी जर्मनी गाठायची गरज नाही. आज बसवकल्याण ज्या बीदर जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यात 1956 पर्यंत शेजारचे निलंगा, उदगीर, अहमदपूर हे तालुके होते. बाराव्या शतकात कल्याणला, म्हणजे आजच्या बसवकल्याणला, बसवण्णांभोवती जमलेल्या शिवभक्तांनी, म्हणजे शरणांनी, वादाची जी रीत घडवली, ती या मातीपासून दूरची नाही. विरोधी मत नुसते खोडायचे नाही, त्यातले टिकणारे उचलून पुढच्या पायरीवर जायचे, हे त्या रीतीचे मर्म आहे.

सोलापूरच्या सिद्धरामांची कथा पाहा. ते तळे खोदवत होते, देवळे उभारत होते. शरणांपैकी अल्लमप्रभू तिथे आले आणि त्यांनी सिद्धरामांचा उल्लेख ‘वड्ड’, म्हणजे माती खणणारा, असा केला. शिष्य चिडले, दगड घेऊन धावले. खुद्द सिद्धरामही संतापले. अल्लमांचा प्रश्न मात्र साधा होता: लोकांसाठी एवढे करताना ‘मी केले’ हा अहंकार सुटला का? सिद्धराम त्या प्रश्नाने हलले आणि अल्लमांबरोबर कल्याणला गेले. तिथे बसवण्णांनी कायक आणि दासोह, म्हणजे श्रम आणि समाजाला अर्पण, यांनाच साधना मानले होते. अशा ठिकाणी सिद्धरामांचे काम टाकाऊ ठरणे शक्यच नव्हते. गळून पडला तो कर्तेपणा. कर्म उरले, पण त्याचा अर्थ बदलला. नकारातही काही जपले जाते, हे हेगेलचे सूत्र इथे माणसाच्या आयुष्यात घडताना दिसते.

यावर पहिला आक्षेप इतिहासाचा आहे. हे संवाद ज्या ‘शून्यसंपादने’त येतात, तो ग्रंथ पंधराव्या शतकातला. शरणांच्या चर्चा जिथे होत असे सांगितले जाते, ती अनुभवमंटप नावाची वास्तू खरोखर होती का, याबद्दलही अभ्यासकांत मतभेद आहेत. आक्षेप रास्त आहे, आणि म्हणूनच या कथेला घडल्या प्रसंगाचे टिपण मानू नये. पण मागाहून संकलन करणाऱ्यांनी आपल्या थोरांची आठवण चमत्कारांच्या यादीपेक्षा वादांच्या रूपात गुंफली. त्या समाजाला काय मोलाचे वाटत होते, याचा हा पुरावाच आहे.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे: हेगेलचा विरोध वस्तूच्या आणि इतिहासाच्या पोटात असतो, शरणांचा दोन माणसांच्या बोलण्यात. हा फरक मी मान्य करतो. तरीही कल्याणचा वाद बोलण्यापुरता राहिला नाही. जातिभेद नाकारणारा विचार आणि जातीवर उभे राज्य यांच्यातला विरोध एका आंतरजातीय विवाहावरून उघडा पडला, असे परंपरा सांगते. वर-वधूचे वडील हरळय्या आणि मधुवरस यांना देहदंड झाला, शरण पांगले. विचारातला विरोध समाजातल्या विरोधाला भिडला तो असा.

लातूरच्या या सीमाभागात बसवजयंती थाटात होते. त्या दिवशी मिरवणुकीबरोबर सिद्धराम आणि अल्लम यांचा हा वादही दोन बाजूंनी वाचला जावा, आणि पोरांना आधी विरोधकाची बाजू मांडायला सांगावी.