हिमकणापासून सुरू झालेला छंद

समीप छायाचित्रणात वस्तू इतक्या जवळून टिपतात की फिल्मवर तिची प्रतिमा जवळजवळ मूळ आकाराएवढी, प्रसंगी त्याहून मोठी उमटते. इंग्लंडमध्ये विल्यम हेन्री फॉक्स टॅलबट यांनी छायाचित्रणाच्या अगदी आरंभकाळी, 1840 च्या सुमारास, सौर सूक्ष्मदर्शकातून कीटकांच्या पंखांची आणि वनस्पतींच्या कापांची चित्रे घेतली होती. पण ते शास्त्रज्ञाचे प्रयोग होते. रोज डोळ्यांसमोर असलेली वस्तू रोज टिपायची, ही सवय कशी रुजते हे पाहायचे तर अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातील जेरिको या खेड्यात जावे लागते.

विल्सन बेंटली यांचा जन्म 1865 साली तिथल्या एका शेतकरी कुटुंबात झाला. आई पूर्वी शिक्षिका होती. तिच्याकडचा सूक्ष्मदर्शक मुलाच्या हाती आला. हिवाळाभर दारात पडणारे बर्फ तो त्याखाली पाहू लागला आणि हिमकणांची चित्रे काढू लागला. पण रेखाटन पूर्ण होण्याआधीच कण विरघळून जाई. अखेर आईवडिलांनी कॅमेरा आणि अधिक चांगला सूक्ष्मदर्शक घेऊन दिला. दोन्ही एकमेकांना जोडून बरेच प्रयत्न केल्यावर 15 जानेवारी 1885 रोजी एका हिमकणाचे स्पष्ट छायाचित्र मिळाले. बेंटली तेव्हा 19 वर्षांचे होते.

पुढची 46 वर्षे शेती आणि दूधदुभते सांभाळून हेच काम चालले. खोलीत शेकोटी नसे, कारण थंडी टिकवणे ही पहिली अट होती. काळ्या फळीवर बर्फ झेलायचे, चांगला कण काडीच्या टोकाने उचलून काचपट्टीवर ठेवायचा, पिसाने हलकेच दाबायचा आणि श्वास रोखून काम उरकायचे, कारण उच्छ्वासाच्या उबेनेही कण बिघडे. पांढऱ्या कागदावर पांढरा कण उठून दिसत नसे. त्यासाठी ते निगेटिव्हच्या प्रतीवरील कणाभोवतीचा थर चाकूने बारकाईने खरवडत, म्हणजे छापात पार्श्वभूमी काळी येई. या पद्धतीवर पुढे आक्षेपही घेतले गेले. खरवडताना कडा बदलत नाहीत कशावरून, हा प्रश्न रास्तच होता. तरीही पाच हजारांहून अधिक हिमकणांचा असा संग्रह त्या काळी दुसरा नव्हता. दव, तुषार, कोळ्याच्या जाळ्यावरचे थेंब हेही त्यांनी टिपले. ‘स्नो क्रिस्टल्स’ हा त्यांच्या दोन हजारांहून अधिक छायाचित्रांचा ग्रंथ 1931 मध्ये निघाला आणि त्याच वर्षी 23 डिसेंबरला न्यूमोनियाने त्यांचा मृत्यू झाला.

बेंटलींचेच समवयस्क असलेले कार्ल ब्लॉसफेल्ट बर्लिनच्या कलाशाळेत शिकवत. आकृतिबंधांचे नमुने विद्यार्थ्यांना दाखवता यावेत म्हणून ते रस्त्याकडेची रानटी झाडे आणून स्वतः जुळवलेल्या कॅमेऱ्याने त्यांच्या कळ्या, देठ, कोंब टिपत. ही चित्रे मूळ आकाराच्या तीसपटीपर्यंत मोठी केलेली असत. नेच्याचा गुंडाळलेला कोंब त्यात घडीव लोखंडी नक्षीसारखा दिसतो. 1928 साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध होताच ती कलाजगतात गाजली.

सामान्य हौशी माणसाची अडचण मात्र वेगळी होती. साध्या कॅमेऱ्यात पाहण्याची खिडकी एकीकडे आणि भिंग दुसरीकडे असते. वस्तू जवळ आली की डोळ्याला दिसते एक आणि फिल्मवर येते भलतेच. 1936 च्या किने एक्झाक्टा या जर्मन कॅमेऱ्यात आरशाच्या साहाय्याने खुद्द भिंगातूनच पाहता येऊ लागले. भिंग आणि कॅमेरा यांच्यामध्ये भाता किंवा नळ्या बसवल्या की भिंग फिल्मपासून दूर जाते आणि प्रतिमा मोठी होते. तीही सोय अशा कॅमेऱ्यांनी सोपी केली. 1955 मध्ये हाइन्झ किलफिट यांच्या कारखान्याने थेट जवळचेच टिपणारे मॅक्रो-किलार भिंग बाजारात आणले. पुढच्याच वर्षी जपानमध्ये निकॉनने मायक्रो-निक्कोर काढले, ते मुळात कागदपत्रांच्या मायक्रोफिल्मसाठी. चिनी लिपीतून आलेल्या दाट रेघांच्या जपानी अक्षरांना विलक्षण रेखीव भिंग हवे होते. तशी भिंगे पुढे फुले आणि किडे टिपणाऱ्यांच्या हाती गेली.

डिजिटल कॅमेऱ्यांनी फिल्मचा खर्च वाचवला आणि रोज एक चित्र घेणे परवडू लागले. 2021 मध्ये आलेला आयफोन 13 प्रो वेगळे भिंग न जोडता दोन सेंटिमीटरवरची वस्तू टिपू शकतो.