वासलेकर, संदीप

भारतीय परराष्ट्रधोरण-अभ्यासक, ग्रंथकार आणि आंतरराष्ट्रीय संघर्षांत अनौपचारिक मध्यस्थी करणारे विचारवंत. कोणत्याही दरबाराची वकिली अंगावर न घेता परस्परविरोधी पक्षांना एकत्र बसविणे, आणि त्या मसलतीस लागणारा आकडेवार तपशील आपल्याच संस्थेत आधी सिद्ध करून ठेवणे, हे त्यांच्या कार्यपद्धतीचे मुख्य लक्षण होय.

मुंबईजवळच्या डोंबिवलीत ते वाढले. १९८१ ते १९८३ या काळात ऑक्सफर्ड विद्यापीठात त्यांनी तत्त्वज्ञान, राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र या विषयांचे अध्ययन केले. १९९० नंतरच्या दशकात मुंबईतील ‘इंटरनॅशनल सेंटर फॉर पीस इनिशिएटिव्ह्ज’ या संस्थेद्वारा ते दक्षिण आशियातील बिनसरकारी संवादात पडले, आणि अशा संवादाचे स्वरूप व मर्यादा यांविषयीचा त्यांचा प्रबंध १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. २००२ मध्ये त्यांनी मुंबईतच ‘स्ट्रॅटेजिक फोरसाइट ग्रुप’ ही संशोधनसंस्था स्थापन केली.

या संस्थेचा पहिला ठळक विशेष म्हणजे युद्धाचा जमाखर्च मांडण्याची पद्धत. भारत-पाकिस्तान (२००४), श्रीलंका (२००६) आणि मध्यपूर्व (२००९) या संघर्षांच्या किमतीविषयी तिने क्रमाने अहवाल काढले. त्यांत लष्करी खर्चाबरोबरच समाज, पर्यावरण आणि राजकारण यांच्या हानीचीही गणना होती. १९९१ ते २०१० या वीस वर्षांत मध्यपूर्वेला शांततेअभावी सुमारे १२ लाख कोटी डॉलरच्या संभाव्य उत्पन्नास मुकावे लागल्याचा तिचा निष्कर्ष जगभर चर्चिला गेला. न घडलेल्या शांततेचे उत्पन्न मोजणारा असा हिशेब गृहीतकांवर उभा असतो, आणि गृहीतक बदलले की बेरीजही बदलते. तथापि न्याय-अन्यायाच्या वादात एकमेकांचे तोंड न पाहणारे पक्ष नुकसानीच्या वहीवर मात्र एकत्र नजर टाकू शकतात, एवढा व्यवहार त्याने साधला.

वासलेकरांचे अधिक मौलिक कार्य पाण्यासंबंधीचे आहे. स्वित्झर्लंड आणि स्वीडन यांच्या साहाय्याने सिद्ध झालेला ‘ब्लू पीस’ हा अहवाल फेब्रुवारी २०११ मध्ये जिनिव्हा येथे प्रकाशित झाला. तुर्कस्तान, सीरिया, इराक, लेबनॉन आणि जॉर्डन यांनी जलसंपत्तीसाठी सहकार्य-परिषद स्थापावी, अशी त्यात शिफारस होती. पुढच्याच महिन्यात सीरियात उठाव झाला व त्याचे यादवीत रूपांतर झाले, त्यामुळे पाच देशांची ती योजना मूळ स्वरूपात साकार होणे दुरापास्त झाले. तरीही तुर्कस्तान आणि इराक यांच्या प्रतिनिधींशी तैग्रिस नदीपुरती बोलणी चालू राहिली. नदी एकच असूनही दोन्ही तीरांवरील दफ्तरांत तिच्या प्रवाहाचे आकडे जुळत नसतील, तर वाटपाची वाटाघाट पहिल्याच बैठकीत अडते. म्हणून मोजणीची मानके आधी जुळवावीत आणि नोंदींची देवघेव करावी, या तांत्रिक वाटेने ही मध्यस्थी गेली.

या अनुभवातून ‘जलसहकार्य-गुणांक’ ही त्यांच्या संस्थेची मोजपट्टी आली. पाण्याबाबत सक्रिय सहकार्य करणारी दोन राष्ट्रे परस्परांशी युद्ध करीत नाहीत, हे तिचे प्रतिपादन. येथे ‘सक्रिय’ हे विशेषण महत्त्वाचे आहे. कारण १९६० चा सिंधू जलकरार अस्तित्वात असतानाच १९६५, १९७१ आणि १९९९ मध्ये भारत-पाकिस्तानात रणे माजली, म्हणजे नुसता तहनामा शांततेची हमी ठरत नाही. २२ नोव्हेंबर २०१६ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत पाणी, शांतता आणि सुरक्षा या विषयावर झालेल्या चर्चेत वासलेकरांनी निवेदन केले.

महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातील वाचकास हा विचार परका वाटू नये. बेळगावपासून फार दूर नसलेल्या खानापूर तालुक्यात म्हादई आणि मलप्रभा या दोन्ही नद्या उगम पावतात. कळसा-भांडुरा नाल्यांचे पाणी मलप्रभेकडे वळविण्यावरून गोवा व कर्नाटक यांच्यात उद्भवलेल्या तंट्यात २०१० मध्ये लवाद नेमला गेला. त्याने २०१८ मध्ये कर्नाटकास १३.४२ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मंजूर केले, आणि तरीही फिर्यादी सर्वोच्च न्यायालयात गेल्याच. निवाड्याने हिस्सा ठरतो. शेजाऱ्याच्या मोजणीवर विश्वास मात्र निवाड्याने बसत नाही, हे येथे ध्यानी येते.

‘एका दिशेचा शोध’ (२०१०) या मराठी ग्रंथामुळे वासलेकरांचे नाव महाराष्ट्रातील तरुण वाचकांपर्यंत पोचले. २०१९ च्या जागतिक शांततेविषयीच्या नॉर्मंडी जाहीरनाम्याच्या कर्त्यांपैकी ते एक असून, ‘अ वर्ल्ड विदाउट वॉर’ (२०२२) या इंग्रजी ग्रंथात त्यांनी युद्ध हे मानवी स्वभावाचे अटळ फळ नसून मनुष्याने केलेली निवड आहे, अशी भूमिका मांडली आहे. जी निवड आहे तिचा खर्च आधी समजलेला बरा, या एका धाग्याने त्यांचे संशोधन आणि त्यांची मुत्सद्देगिरी जोडलेली आहेत.